खुशाली कळवीत जावी

वाचकहो, तुम्ही हे सदर वाचत असाल तेव्हा तुमच्या हातात बहुधा चकली असेल. मी हे लिहितो आहे तेव्हा बाहेर भाद्रपदातला पाऊस कोसळतो आहे, दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळलेले नाहीत आणि घरात चकलीच काय, तिची भाजणीसुद्धा नाही. तरी संपादकांची आज्ञा आहे म्हणून मला पणत्या दिसू लागल्या पाहिजेत. दिवाळी अंकात लिहिणाऱ्याचे पंचांग नेहमी दोन महिने पुढे असते. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखक पावसात भिजत भिजत दिवे लावीत आला आहे.

हे सांगण्याचे कारण असे की, गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. फेसबुकवर माझे एक पान आहे. तेथे मी रोज एक मराठी शब्द घेतो आणि त्याचे कूळ, मूळ व सोयरेधायरे सांगतो. अकराशे माणसे त्या पानाला जोडलेली आहेत. माझ्या वर्गाच्या बाकांवर ह्याच्या शतांशही बसत नाहीत, हे प्राचार्यांना कृपा करून कळवू नये. हा विद्यार्थी कुठल्याशा कंपनीत लोकांना 'दिसते' ठेवण्याचे काम करतो. बी.ए.ला त्याने मराठी घेतले होते. तेव्हा त्याला काम मिळाले ह्याचाच मला आनंद आहे. काम कोणते, हे मी फारसे विचारीत नाही.

"सर, सुट्टीत काय करणार?"

"गावी जाणार. कापड्याला."

"आणि पानाचे काय?"

"पानाचे काय व्हायचे? पान राहील तिथेच."

"पंधरा दिवस गप्प बसलात तर संपलात, सर. लोक विसरतात."

'संपलात' हा शब्द त्याने डॉक्टरच्या सुरात उच्चारला. मला घाम फुटलेला पाहून त्याने लगेच औषधही सांगितले. मजकूर आगाऊ लिहून ठेवायचा आणि त्याला तारीख व वेळ नेमून द्यायची. नेमक्या घटकेला यंत्र तो प्रसिद्ध करते. लिहिणारा तेव्हा गाडीत असो की गाढ झोपेत. मी म्हटले, "अरे, ह्यालाच आम्ही दिवाळी अंक म्हणतो." तो हसला नाही. बसलो आणि वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत सहा दिवसांचे सहा शब्द लिहून टाकले. नरकचतुर्दशीला 'अभ्यंग' हा शब्द होता. त्याची सुरुवात मी अशी केली होती : "आत्ताच स्नान आटोपून, अंगाला उटण्याचा वास येत असतानाच हे लिहितो आहे." वेळ नेमली पहाटे साडेपाचची.

दिवाळीत 'मी कापड्याला चाललो' म्हटले की शहरातला माणूस 'कुठल्या दुकानात?' असे विचारतो. कापडे हे आमचे गाव रायगड जिल्ह्यात, पोलादपूर तालुक्यात आहे. पोलादपुराहून महाबळेश्वरची सडक धरली, की आंबेनळी घाट चढायला लागण्याआधी ते लागते. नाव कापडे असले तरी पिकते ते भात. आणि दिवाळी म्हणजे ऐन भातकापणीचा हंगाम. हळवे भात कापून झालेले असते, गरवे उभे असते, आणि परतीचा पाऊस कधी दगा देईल ह्याचा धाक प्रत्येकाच्या डोक्यावर असतो. माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचे दादा, आणि वहिनी उजाडता उजाडता विळे घेऊन शेतात जातात. दुपारी भारे खळ्यावर येतात आणि संध्याकाळी झोडणी. फराळाचा डबा असतो, पण तो उघडायला कोणाला सवड नसते.

अशा धामधुमीत रिकामा माणूस एकच होता. तो सदर लिहितो.

आमच्या पडवीत फोनला रेंज नाही. ती सडकेवर मिळते. त्यामुळे मी दर तासाला सडकेवर जाऊन यायचो. वसुबारसेला माझा शब्द किती जणांना आवडला, धनत्रयोदशीला किती जणांना, ह्याचा हिशेब दिवसाकाठी आठ-दहा फेऱ्यांत होई. नरकचतुर्दशीच्या पहाटे यंत्राने माझे अभ्यंगस्नान जगाला जाहीर केले तेव्हा मी घोंगडी डोक्यावरून ओढून झोपलो होतो. नऊच्या सुमारास, पारोसाच, सडकेवर गेलो. पाहतो तो एका सहाध्यापक बाईंनी लिहिले होते, "सरांकडून शिस्त शिकावी." मी आजूबाजूला पाहिले. एक म्हैस माझ्याकडे रोखून पाहत होती. तिला सगळे माहीत असावे.

परत आलो तर काकी ओटीवर सुपात तांदूळ पाखडीत बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या आहेत. डोळे अधू झाले आहेत, पण कोणाचे पाऊल किती वेळा वाजले हे त्यांना बिनचूक कळते.

"कोनाचा फोन येनार हाय काय रं?"

"नाही गं, काकी."

"मग घडीघडीला सडकेवर कशापाय जातोस? यष्टीची वाट बघितल्यावानी?"

मी त्यांना समजावून सांगितले, की अकराशे लोक आहेत, त्यांना आपण रोज दिसावे लागते, नाहीतर ते विसरतात. काकींनी सूप खाली ठेवले.

"पोरं सांगत्यात, तू रोज फोनात दिसतोस म्हनून. मला कुठं दिसतोस?"

एवढे बोलून त्या पुन्हा पाखडू लागल्या. त्या आवाजात रागही नव्हता, तक्रारही नव्हती. म्हणूनच ते वाक्य मला झोंबले. ते का झोंबले हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

२०२१ सालची २२ जुलै ही तारीख आमच्या भागात कोणी विसरणार नाही. महाडच्या बाजारपेठेत नदीचे पाणी घुसले. महाड तालुक्यात तळिये येथे डोंगराची दरड वस्तीवर आली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. आमच्या पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथे दरडींनी माणसे गाडली. वीज गेली, फोन गेले. मी डोंबिवलीत बसून दादांना व्हॉट्सॲपवर विचारले, "कसे आहात?" त्या प्रश्नापुढे एक करडी खूण उमटली. एक खूण म्हणजे संदेश आपल्याकडून निघाला. दोन म्हणजे तिकडे पोचला. तीन दिवस ती एकच राहिली. रात्री उठून मी ती पाहत असे. चौथ्या दिवशी एका अनोळखी नंबरावरून मजकूर आला : "आम्ही सगळे बरे आहोत. काळजी नको." सहा शब्द. त्या सहा शब्दांवर घरात आम्ही सगळे रडलो.

तेव्हा मी नेम केला, की दर रविवारी सकाळी काकींना फोन करायचा. त्यांच्याकडे साधा, बटणांचा फोन आहे. तो घेऊन त्या नऊ वाजल्यापासून अंगणात बसत. बोलणे असे काही नसे. 'पाऊस हाय का तिकडं?' 'आहे.' 'हिकडं पन हाय.' दोन वर्षे हा नेम चालला. मग ते पान आले. रविवारी वाचकांना सवड असते, म्हणून त्या दिवशी जरा भारदस्त शब्द शोधावा लागतो. फोन आधी उशिरा होऊ लागला, मग एका रविवाराआड, मग सणासुदीला. शेवटचा कधी केला होता हे त्या ओटीवर उभे राहून मला आठवेना. काकींना आठवत असणार; पण मी विचारले नाही.

काकींच्या माजघरात एक वाकवलेली तार आहे आणि तिला जुनी पोस्टकार्डे ओवलेली आहेत. माझे वडील मुंबईला गिरणीत होते तेव्हाची ती पत्रे. सगळी जवळजवळ सारखीच : इकडील सर्व क्षेम, पैसे पाठवले आहेत, तिकडील खुशाली कळवीत जावी. वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला, ते गावात दिसत. बाकीचे दहा महिने दिसत नसत. पण गावाने त्यांना विसरल्याचे मी ऐकले नाही. उलट, पत्राला आठ दिवस उशीर झाला तर काका स्वतः पोस्टमनला गाठायला जात. 'खुशाली' हा शब्द मी माझ्या पानावर कधी घेतला नव्हता.

आता दुसरी बाजूही सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, मास्तरांना नव्याचा राग आहे. माझ्या पुतण्याचे सडकेवर चहा-वड्याचे लहानसे दुकान आहे. दिवाळीत महाबळेश्वरला जाणाऱ्या मोटारींची रीघ लागते, तेव्हा तो 'गरम वडे तयार' असे व्हॉट्सॲपवर रोज लावतो. ते बरोबरच आहे; दुकानदाराने पाटी लावलीच पाहिजे. पण पावसाळ्यात घाटात दरडी येतात, रस्ता वरचेवर बंद होतो आणि गिऱ्हाईक नसते. अशा वेळी तो काय करतो? रोज सकाळी एक ओळ लिहितो : 'घाट चालू आहे' किंवा 'घाट बंद आहे, येऊ नका.' मी विचारले, "येऊ नका म्हणून सांगतोस, तुझा धंदा बुडत नाही का?" तो म्हणाला, "काका, ह्या एका ओळीसाठी लोक माझा नंबर जपून ठेवतात. दिवाळीत गाडी माझ्याच दुकानापाशी थांबते." रिकाम्या हंगामात त्याला स्वतःविषयी सांगण्यासारखे काही नसते, म्हणून तो घाटाची खुशाली कळवतो.

आणि विसरण्याचे म्हणाल, तर आमचा पांडुरंगच पाहा. आषाढी एकादशीला देव झोपी जातात ते कार्तिकीला उठतात. आणि पंढरीला सर्वांत मोठी गर्दी होते ती ते झोपतात त्याच दिवशी! ऐन दिवाळीत नारायण निजलेले असतात आणि घरोघर लक्ष्मीची पूजा होते. तरी त्यांचे भक्त काही कमी झाल्याचे ऐकिवात नाही. केशवसुत १९०५ साली गेले. हयातीत त्यांचा एक संग्रहही निघाला नव्हता. तो हरिभाऊ आपट्यांच्या हातून १९१७ साली निघाला. बारा वर्षे मराठी वाचक थांबला. अर्थात मी पांडुरंग नव्हे, केशवसुतही नव्हे. मला विसरायला पंधरा दिवस पुरतील हे मी जाणून आहे. पण मला विसरल्याने अकराशेंपैकी कोणाचे काही अडणार आहे काय? अडले होते ते ओटीवर बसलेल्या एकीचे, आणि तिने तसे बोलूनही दाखवले नव्हते.

त्या संध्याकाळी मी शेवटचा सडकेवर गेलो आणि नेमून ठेवलेले उरलेले तीन शब्द काढून टाकले. त्यांच्या जागी लिहिले : "गावी आहे. भाताची कापणी चालू आहे. सगळे बरे आहेत." मग खळ्यावर गेलो. दोन दिवस भात झोडले. माझे झोडणे पाहून वहिनींनी तोंडाला पदर लावला आणि दादांनी, हाताला फोड आल्यावर, मोठ्या मनाने मला पेंढा रचायला बसवले.

सुट्टीनंतर विद्यार्थी आला. "सर, चौदा माणसे गेली," तो म्हणाला. मी हळहळलो, खोटे कशाला सांगू? पण त्याच आठवड्यात एका अनोळखी वाचकाने लिहिले, "बरेच दिवस शब्द नाही. बरे आहात ना?" त्याला मी लगेच उत्तर पाठवले. मग 'खुशाली' हा शब्द घेतला.

रविवारचा फोन पुन्हा चालू आहे. पहिल्या रविवारी काकी म्हणाल्या, "पाऊस हाय का तिकडं?" कार्तिक संपत आला होता, आभाळ निरभ्र होते. मी म्हटले, "नाही." त्या म्हणाल्या, "हिकडं पन न्हाय." आणि आम्ही दोघेही बराच वेळ फोन ठेवीना.

तर वाचकहो, तुमच्या हातातली चकली संपेपर्यंत मी कापड्याला खळ्यावर असेन. माझ्या पानावर काही दिसले नाही, तर भात चांगले आले असे समजावे. इकडील सर्व क्षेम. आपणही खुशाली कळवीत जावी. मला नव्हे, ज्यांना तुमचे पान दिसत नाही त्यांना.