कुंपणाची राखण कोण करणार?

भाताची कापणी आटोपली की गुरे मोकळी सोडण्याची चाल कोकणात जुनी आहे. वडखळ व पेण भागात त्याच सुमारास भाताच्या ओलीवर वाल उभा राहू लागतो. अशा वेळी सौरशक्तीवर चालणारे झटका-कुंपण शेतकऱ्यास मोठा आधार वाटतो, आणि नीट निगा ठेवल्यास तो आधार खराही ठरतो. परंतु यंत्र विकत घेतले म्हणजे राखण संपली, ही समजूत घातक होय. पूर्वी पिकाची राखण करावी लागे. आता कुंपणाची करावी लागते, एवढाच फरक.

झटका कसा बसतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. यंत्र साधारणपणे सेकंदास एक याप्रमाणे विजेचे क्षणिक ठोके तारेत सोडते. गुराचे नाक तारेला लागताच वीज त्याच्या शरीरातून खुरांवाटे जमिनीत उतरते आणि पुरलेल्या गजांवाटे यंत्राकडे परतते. ही परतीची वाट तुटली, तर भारी किमतीचे यंत्रही निरुपयोगी ठरते.

या भागात जमिनीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतील कुंपणाचे दोषही निरनिराळे आहेत. धरमतर खाडीलगतच्या खारजमिनीत ओल व क्षार असल्याने वीज सहज वाहते; मात्र खारी हवा तार व सांधे गंजविते आणि विद्युतरोधकांवर मिठाचा थर बसविते. तेथे जस्ताचा मुलामा दिलेली तार व चाप वापरावेत आणि रोधक अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावेत. उलट, उतारावरील वरकस जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत पडते. तार शाबूत असूनही झटका बसत नाही. तेथे सुमारे २ मीटर लांबीचे किमान ३ गज, ३-३ मीटर अंतरावर, ओल टिकणाऱ्या जागी पुरावेत. शिवाय गजांना जोडलेली परतीची एक तार कुंपणातच ओढावी. म्हणजे दोन्ही तारांना एकदम टेकणाऱ्या जनावरास झटका बसतो.

दोष शोधण्याची रीतही ठरलेली असावी. प्रथम कुंपण सोडवून एकट्या यंत्राचा दाब मापकाने पाहावा. तो ठीक असल्यास दोष कुंपणात आहे. मग कुंपणाचे अर्धे-अर्धे भाग वेगळे करून तपासत जावे. कोठे टकटक आवाज येतो, कोठे गवत तारेस टेकले आहे, कोठे रोधक तडकला आहे, हे पाहावे. कुंपणाच्या टोकाशी निदान ३,००० व्होल्ट दाब मिळावा. गजांची परीक्षा करण्यासाठी यंत्र बंद करून, सुमारे १०० मीटर दूर काही लोखंडी पहारी जमिनीत रोवून तारेस टेकवाव्यात. यंत्र पुन्हा चालू केल्यावर गजाशी ३०० व्होल्टपेक्षा अधिक दाब दिसल्यास गज अपुरे आहेत, असे समजावे. पावसाळी दिवसांत सौरपट्टी व बॅटरी यांकडे विशेष लक्ष द्यावे. दुरुस्तीपूर्वी यंत्र बंद करणे कधीही चुकवू नये.

निगेची ही उपेक्षा केवळ पिकाच्या नुकसानीवर थांबत नाही. झटका बसेनासा झाला की काही जण घरातील किंवा पंपाची वीज थेट तारेत सोडतात. यंत्राचा ठोका क्षणात संपतो व जनावर मागे सरते. २३० व्होल्टचा अखंड प्रवाह मात्र स्नायू आखडून धरतो व जीव घेतो. अशा तारांनी महाराष्ट्रात शेतकरी, मजूर, गुरे आणि वाघही बळी पडले आहेत. हा गुन्हा तर आहेच. पण पहाटे पाणी पाहावयास निघालेला शेजारीच त्यात प्रथम सापडण्याचा संभव असतो.

म्हणून कुंपणाची शिफारस करण्यापूर्वी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एकच प्रश्न विचारावा : रोज कुंपणावरून फेरी कोण मारणार? अनेकांची शेते एका कुंपणात येत असतील, तर पाळ्या ठरवून त्या लिहून ठेवाव्यात आणि मापक सर्वांच्या वर्गणीतून घ्यावा. खेकड्याच्या एका बिळाने खारबांध फुटतो व साऱ्या शेतांत खारे पाणी शिरते, हे येथील शेतकऱ्यास सांगावयास नको. बांधावर तो ज्या नजरेने फिरतो, त्याच नजरेने त्याने कुंपणावरूनही फिरावे.