सोयरिकीआधी घराणं बघतात



लेक देताना आपण तीन पिढ्यांची चौकशी करतो. जर्मनीच्या बायरने जून २०१८ मध्ये सुमारे ६३ अब्ज डॉलर मोजून मोन्सॅन्टो घेतली. पदरी वकील, हिशेबनीस. राउंडअप तणनाशकावर कॅन्सरचे दावे तेव्हा कोर्टात उभेच होते. लपलेलं काय होतं? ऑगस्टमध्ये पहिलाच निकाल विरोधात गेला, २०२० मध्ये १० अब्ज डॉलरांहून मोठी तडजोड जाहीर करावी लागली. ते त्यांचं ते बघतील.

पण २०१७ ला गुलाबी बोंडअळीने पोखरलेलं बोलगार्ड-२, तेही याच सौद्यात गेलं. आपल्याला विचारलं कोणी? दिल्लीच्या स्पर्धा आयोगाने अटी घालून मंजुरी दिली. त्या अटी मराठीत छापून प्रत्येक कृषी सेवा केंद्रात लावा, एवढी आपली मागणी आहे.