होमाईंचा कॅमेरा

डोंबिवलीकराला मोठं छायाचित्र-प्रदर्शन पाहायचं तर लोकलची गर्दी सोसून सीएसएमटी गाठावं लागतं. होमाई व्यारावाला यांचं २०१० मध्ये दिल्लीत भरलेलं प्रदर्शन पुढे काळा घोड्याजवळच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आलं, तेव्हा ही यातायात सार्थकी लागली. देशातल्या या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, सुरुवातीचे फोटो मात्र पती माणेकशॉ यांच्या नावावर छापले गेले! त्यांचे नेहरू पाहावेत: स्वतःच्या ओठांत सिगारेट, आणि ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पत्नीची सिगारेट पेटवण्यात गढलेले. त्यांच्या इतक्या जवळ जाऊनही होमाईंनी त्यांना सावध होऊ दिलेलं नाही. अशी प्रदर्शनं कापूरबावडीच्या ठाणे कलाभवनातही यायलाच हवीत.