पोलिसाला दाखवायचा कागद

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या बाजारांत भाजीपाला जसा घासाघीस करून विकला जातो, तसा आता मोटारगाड्यांचा विमाही विकला जाऊ लागला आहे. देशभर फोफावलेला हा धंदा आमच्या सीमाभागाला वगळून जाईल, असे मानण्याचे काही कारण नव्हते. त्याला दुकान लागत नाही, भांडवल लागत नाही, परवान्याची तर गोष्टच नको. एक मोबाइल, एक छपाईयंत्र आणि मधाळ जीभ एवढी सामग्री जवळ असली, की ‘अर्ध्या दरात विमा’ देणारा उपकारकर्ता गाडीअड्ड्यावर उभा राहतो. मालकाच्या हाती कागद पडतो. त्यावर नामांकित कंपनीचे बोधचिन्ह असते, गाडीचा क्रमांक असतो, सही असते, शिक्का असतो. विमा तेवढा नसतो.

अर्धा दर! या दोन शब्दांतच सारी लबाडी उघडी पडते. मात्र त्यासाठी दर ठरवितो कोण, हे ठाऊक असावे लागते. मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देणारा भाग ऐच्छिक आहे. त्याचे दर २००७ पासून कंपन्यांना मोकळे झाले असल्यामुळे तेथे एक कंपनी दुसरीपेक्षा स्वस्त असू शकते. परंतु रस्त्यावरील तिऱ्हाइताला झालेल्या इजेची भरपाई देणारा भाग, ज्यास सारेजण ‘थर्ड पार्टी’ म्हणून ओळखतात, तो सक्तीचा आहे. ही सक्ती या देशात १ जुलै १९४६ पासून आहे आणि आज ती १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमाने चालू आहे. या भागाचा मूळ हप्ता केंद्र सरकार ठरवून देते. १ जून २०२२ पासून अमलात आलेल्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खाजगी मोटारीस वर्षाला ३,४१६ रुपये, ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीस ७१४ रुपये आणि भाड्याने माल वाहणाऱ्या, साडेसात हजार किलोपर्यंतच्या चारचाकी गाडीस १६,०४९ रुपये हप्ता आहे, कर निराळा. विजेवरील गाड्यांसारख्या काहींना सरकारनेच सवलत दिली आहे, ती सोडली तर कंपनी सरकारी असो वा खाजगी, तिला यातून एक रुपयाही कमी करता येत नाही. एजंटाने आपल्या दलालीतून ग्राहकास काही परत करणे हेही १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने मना आहे. मग सोळा हजारांचा विमा आठ हजारांत येतो तो कोणत्या खाणीतून?

ती खाण कोठे आहे, हे आम्ही पाहिले. खानापूर तालुक्यातील एका टेम्पोमालकाने आपले विमापत्र आमच्या कचेरीत आणून दाखविले. आठ हजार रोख मोजून घेतलेले ते पत्र आमच्या छापखान्यातील मंडळींनीही वाखाणावे इतके सुबक होते. त्यावरील क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून पाहिला, तो विमा खरा निघाला. परंतु तो टेम्पोचा नसून एका दुचाकीचा! युक्ती अशी, की ७१४ रुपये आणि वर कर भरून दुचाकीचे अस्सल पत्र घ्यावयाचे आणि मग संगणकावर वाहनाचा प्रकार, हप्त्याची रक्कम व चासी क्रमांक खोडून हवे ते भरावयाचे. गेल्या वर्षीच्या पत्रावरील तारीख बदलणे, एकच क्रमांक पाच गाड्यांना वाटणे, हे याच विद्येचे पोटप्रकार होत. हप्ता कंपनीच्या हाती पडल्यावाचून तिची जोखीम सुरूच होत नाही, असे त्याच विमा कायद्याचे ६४ व्हीबी कलम सांगते. म्हणजे मालकाने खिशात बाळगले ते एक चित्र होते.

हा टेम्पोमालक तरी भाबडेपणाने फसला. पण भाबडे नसलेले महाभागही आमच्यात आहेत, आणि त्यांच्याविषयी मौन बाळगणे आम्हांस जमणार नाही. “पोलिसाला दाखवायला कागद हवा,” एवढीच त्यांची मागणी असते. कोगनोळीचा नाका ओलांडला किंवा चोर्ला घाट उतरून गोव्यात शिरले, की त्यांचे काम झाले. या शहाण्यांनी दोन हिशेब करावेत. विमा नसताना गाडी चालविल्याचा दंड पहिल्या खेपेस दोन हजार रुपये आहे अथवा तीन महिन्यांपर्यंत कैद. उलट बनावट दस्तऐवज जाणूनबुजून खरा म्हणून पुढे करणे हा भारतीय न्याय संहितेच्या ३४० व्या कलमाखालचा गुन्हा आहे. म्हणजे विमा नसलेला मनुष्य केवळ बेफिकीर ठरतो. खोटा कागद जाणून दाखविणारा मात्र त्या ठकाचा भागीदार ठरतो.

आणि अपघात झाला तर? मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे कंपनी उभी राहते आणि म्हणते, हे पत्र आमचे नव्हे. तेथे तिचा संबंध संपतो व भरपाईचा बोजा मालकावर येतो. शेत, घर, गाडी, जे काही असेल त्यावर. मृत्यू अथवा इजेच्या भरपाईला कायद्याने वरची मर्यादा घातलेली नाही, हे ध्यानात ठेवावे. विमा नसलेल्या गाडीने अपघात केल्यास पुरेशी हमी घेतल्यावाचून ती सोडू नये, आणि हमी न मिळाल्यास तिचा लिलाव करून पैसे न्यायाधिकरणाकडे जमा करावेत, असे नियम करण्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यांना फर्माविले आहे. तरीही सर्वांत मोठे नुकसान मालकाचे नव्हेच. खडेबाजारात रस्ता ओलांडताना जो हमाल गाडीखाली सापडला, त्याच्या बायकापोरांना हुकूमनामा मिळतो. मात्र तो वसूल करावा कोणाकडून, तर ज्याच्यापाशी टेम्पोखेरीज काही नाही अशा आपल्याच एका भावाकडून. कायद्याच्या भाषेतला तो ‘तिसरा पक्ष’ म्हणजे आपल्याच गल्लीतला माणूस असतो.

या ठकांना आमच्या भागात पाय रोवणे इतके सोपे का जाते? विमापत्र इंग्रजीत, कचेरीतले फलक आणि अर्ज कन्नडात, आणि वाचणारा मराठी. १ नोव्हेंबर १९५६ पासून हा प्रदेश त्याच्या इच्छेविरुद्ध परक्या राज्यकारभाराखाली आहे. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात गुदरलेला दावा अजून निकालावाचून पडून आहे. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक शेकडा पंधराहून अधिक आहेत, तेथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेत निघाव्यात, हे १९५६ पासूनचे अभिवचन आहे. विमापत्र हे सरकारी परिपत्रक नव्हे, हे आम्हांस कळते. परंतु ज्याला कचेरीची भाषाच उमगत नाही, तो दुभाष्यावाचून पाऊल टाकू शकत नाही, आणि जेथे दुभाष्या लागतो तेथे दलाल आलाच. हा दलाल कन्नडात बोलत नाही. तो ‘जय महाराष्ट्र’ म्हणत येतो, गाव विचारतो, सोयरीक काढतो आणि ‘आपल्या माणसासाठी’ म्हणून सूट देतो. आमच्या लढ्याने माणसामाणसांत जो विश्वास निर्माण केला, तो हा मनुष्य आठ हजारांना विकून खातो. याची चीड आम्हांस त्या खोट्या शिक्क्याहूनही अधिक आहे.

पारख अवघड नाही. हप्ता चेकने किंवा ऑनलाइन, परंतु कंपनीच्याच नावे भरावा. एजंटाच्या मोबाइल क्रमांकावर पैसे मागितले, की तेथूनच परतावे. पत्र हाती येताच त्याचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावा, आणि थोड्या दिवसांनी एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा क्रमांक घालून विमा कोणत्या कंपनीचा व केव्हापर्यंतचा दिसतो, तेही पाहावे. वाहनाचा प्रकार, इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक आरसी पुस्तकाशी अक्षर न् अक्षर ताडावेत; आमच्या टेम्पोमालकाची फसगत तेथेच उघडी पडली असती. कंपनीच अस्तित्वात आहे किंवा नाही अशी शंका आली, तर हैदराबादच्या विमा नियामक प्राधिकरणाची यादी आहे, आणि १५५२५५ हा त्याचा दूरध्वनी आहे. गावोगावच्या युवक मंडळांत मोबाइल हाताळणाऱ्या पोरांची वाण नाही. बाजाराच्या दिवशी तास-दोन तास अड्ड्यावर बसून त्यांनी वडापवाल्यांचे आणि टेम्पोवाल्यांचे कागद तपासून दिले, तर ते समितीचेच काम झाले असे आम्ही समजू.

ज्यांच्या हाती असा कागद आधीच पडला आहे, त्यांनी तो लाजेपोटी फाडून टाकू नये. तो, पैसे दिल्याची खूण आणि मोबाइलवरील निरोप घेऊन पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी व तिची पोच घ्यावी. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे. आणि खरा विमा उतरेपर्यंत गाडी दारातच उभी ठेवावी. भाडे कितीही चांगले येवो.