वीर, दुबई, व्हाया लोद

महाड-पोलादपूरकडचे असाल तर वीर स्टेशनची ओळख करून द्यायला नको. 1993 मध्ये कोकण रेल्वे रोह्याहून निघाली ती आधी इथवरच. या पट्ट्यातल्या कोकणी मुस्लिम घरांचं गल्फशी नातं मात्र त्याहून जुनं. कुणाचा मामा कुवेतला, कुणाचा जावई दुबईत. पण याच रायगडातले काही लोक अरबांच्या अगदी भिंतीला भिंत लावून राहतात आणि ते ज्यू आहेत, हे माहितीये?

बेने इस्रायल. आडनावं बघा: रोहेकर, पेणकर, दिवेकर. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं 'शनवार तेली'. मराठी बोलणारी, नवसाला मलिदा करणारी ही माणसं. इथे त्यांना कुणी छळलं नव्हतं. तरी 1948 मध्ये इस्रायल झालं आणि पुढच्या काही दशकांत बहुतेक घरं तिकडे गेली. तिथे 'तुम्ही खरे ज्यू का?' असा प्रश्न लग्नाच्या वेळी धर्मगुरूंनी विचारला! संसदेने ते पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर केलं, ते 1964 मध्ये.

यातली बरीच घरं लोद आणि रामला इथे वसली. लोद म्हणजे तेल अवीवचा एअरपोर्ट जिथे आहे ते. जुलै 1948 पर्यंत ही दोन्ही अरब शहरं होती. इस्रायली सैन्याने त्या महिन्यात 50 हजारांहून जास्त अरबांना बाहेर काढलं. आपली माणसं नंतर आली, त्यांनी कुणाला हाकललं नाही. पण शहर रिकामं का होतं, हा प्रश्न त्यांच्याही उंबऱ्यावर येतोच, असं मला वाटतं.

सरकारांचं बरं असतं. भारताने 1950 मध्ये इस्रायलला मान्यता दिली, वकिलाती उघडायला 1992 उजाडलं. 2018 मध्ये एअर इंडियाचं तेल अवीवचं विमान सौदीवरून उडालं, 2020 मध्ये यूएईने इस्रायलशी हात मिळवले. म्हणजे दुबईचा जावई आता लोदच्या एअरपोर्टवर थेट उतरू शकतो.

गल्लीतलं शेजारपण इतकं सोपं नाही. लोदमध्ये आज साधारण तिसरा हिस्सा अरब आहेत. मे 2021 मध्ये तिथे दंगल पेटली, सिनेगॉग जळाली, आणीबाणी लागली. एक अरब गोळीने गेला, एक ज्यू दगडाने. दोघंही लोदचेच. त्या ज्यू माणसाच्या घरच्यांनी अवयवदान केलं. एक किडनी एका अरब बाईला बसवली.