चौक हवा, पण मासळीबाजार हलवून नको



मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर भव्य चौक व्हावा, हे सुचवणारे पत्र वाचले. चौक हवा, याबद्दल दुमत नाही. मात्र ‘त्यासाठी मासळीचा व्यवहार तिथून हलवावा’ ही सूचना मुळीच पटत नाही.

भाऊच्या धक्क्यावर एकदा पहाटे जाऊन पाहावे. बोटी लागतात, बर्फाचा चुरा पडतो, मासळीच्या टोपल्यांभोवती लिलावाचा गलका उठतो आणि शेजारीच मोरा-रेवसच्या लाँचसाठी माणसे ताटकळत असतात. हा किनारा या कष्टकऱ्यांमुळे जिवंत आहे. त्यांना हुसकावून चौक बांधणे म्हणजे देव हलवून देऊळ बांधण्यासारखे आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. १८७३ साली बंदराचा कारभार पाहणारा पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे गोद्या, गोदामे आणि त्यांच्या भिंतींआड हा किनारा सामान्यांना पारखा होत गेला. आजही रे रोड किंवा कॉटन ग्रीनला उतरणाऱ्याला समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही दिसत नाही. २०१४ साली राणी जाधव समितीने बंदराच्या या जमिनीच्या वापराचा विचार केला, पण तिथे मोकळेपणाने फिरण्याचे सामान्यांचे स्वप्न अजून अपुरेच आहे.

म्हणून आधी हार्बर रेल्वेच्या स्थानकांपासून पाण्यापर्यंत सावलीची पायवाट, विनामूल्य प्रवेश आणि स्वच्छ शौचालये द्या. आराखडा पक्का करण्यापूर्वी कोळी बांधव आणि गोदी परिसरातील रहिवाशांशी बोला. मरीना आणि उपाहारगृहांचे नंतर पाहता येईल. सार्वजनिक जमिनीवर पहिला हक्क जनतेचाच आहे.

— एक वाचक, माझगाव