सौंदर्याची सुई आणि सुजेचा हिशेब

२०२५ सालच्या जुलै महिन्यात मुंबईच्या मनोरंजनक्षेत्रातील उर्फी जावेद यांनी आपल्या ओठांत पूर्वी भरून घेतलेले द्रव्य विरघळवून घेतले आणि त्यानंतर विलक्षण सुजलेला आपला चेहरा चित्रफितीच्या रूपाने लोकांपुढे ठेवला. काहींनी त्यावर विनोद केले, काहींनी हळहळ व्यक्त केली आणि चार दिवसांत विषय मागे पडला. वस्तुतः तो मागे पडावयास नको होता. चेहऱ्यावर सुई टोचून सौंदर्य विकत घेता येते, ही वार्ता आता मुंबई-पुण्यापुरती उरलेली नाही. गडहिंग्लजच्या बाजारपेठेत उभ्या असलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थिनीच्या हातातील फोनवरही तीच जाहिरात तितक्याच झळाळीने दिसते. लग्नसराईच्या तोंडावर ती अधिकच दिसते. जाहिरातीत ओठ दिसतात. त्यांच्यावर येणारी सूज मात्र दिसत नाही.

या प्रकाराकडे केवळ नाक मुरडून पाहणे सोपे आहे. परंतु ते न्यायाचे नाही. शरीराची ठेवण सुधारण्याची विद्या या देशाला परकी नाही. सुश्रुतसंहितेत तुटलेले कान, नाक आणि ओठ सांधण्याचे विवेचन आहे. टिपूबरोबरच्या १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेकडील कावसजी नावाच्या मराठी बैलवाल्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळ विटा बनविणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून ते पुन्हा घडविले. हे वृत्त ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने छापले आणि युरोपातील शल्यविशारदांनी त्यापासून धडा घेतला. कावसजीला गेलेली अब्रू परत हवी होती. आजच्या तरुणीला निसर्गाने दिले आहे त्याहून थोडे अधिक हवे आहे. हेतू भिन्न आहेत हे खरे. पण स्वतःच्या चेहऱ्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार प्रौढ व्यक्तीला नाकारता येत नाही. प्रश्न इतकाच, की तो निर्णय पुरेशा माहितीनिशी घेतला जातो काय?

सूज का येते?

ओठ भरण्यासाठी आज सर्वाधिक वापरले जाणारे द्रव्य म्हणजे हायलुरोनिक आम्ल. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली गाईच्या नेत्रगोलातून ते वेगळे केले. मानवी त्वचेतही ते असतेच. पाणी धरून ठेवणे हा त्याचा मुख्य गुण. आणि ओठ फुगीर दिसतात ते याच गुणामुळे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चेहऱ्यावरील घड्यांसाठी या वर्गातील 'रेस्टिलेन'ला २००३ साली आणि ओठांसाठी २०११ साली मान्यता दिली. त्याचा परिणाम कायमचा नसतो. काही महिन्यांत, फार तर वर्षाच्या आसपास, शरीर ते हळूहळू जिरवून टाकते.

पण जो गुण तोच दोष. सुईने झालेली इजा, ओठांतील रक्तवाहिन्यांचे दाट जाळे, तेथील पातळ त्वचा आणि पाणी खेचणारे द्रव्य या चौघांच्या संगनमताने सूज येते. ती पहिल्या एक ते तीन दिवसांत सर्वांत अधिक असते, पुढे ओसरू लागते आणि साधारण दोन आठवड्यांत ओठांचा खरा आकार स्थिरावतो. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या आरशावर विश्वास ठेवून घाबरणे जसे व्यर्थ, तसेच लग्नाच्या आदल्या दिवशी सुई टोचून घेणेही अविचाराचे. सकाळी कोल्हापूर किंवा बेळगाव गाठून संध्याकाळच्या एसटीने गडहिंग्लजला परतणाऱ्या मुलीने हे आधीच जाणले पाहिजे, कारण सूज वाढते ती घरी आल्यानंतर.

ही साधी सूज उतरविण्याचे उपाय साधेच आहेत. स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला बर्फ सुमारे दहा मिनिटे हलक्या हाताने धरावा आणि मध्ये विश्रांती देऊन पुन्हा धरावा. बर्फ थेट त्वचेला लावू नये. रात्री उशी उंच घ्यावी. पहिला दिवस-दोन दिवस व्यायाम, उन्हातान्हात फिरणे, वाफ आणि मद्य वर्ज्य करावे. संकेश्वरी मिरचीचा कढत रस्सा आणि खारट लोणचे तेवढे दिवस बाजूला ठेवले तर बिघडत नाही. ओठ चोळू नयेत, लिपस्टिक लावू नये. हळद-लिंबू, तुरटी वा टूथपेस्ट यांचे लेप सुईच्या ताज्या छिद्रांवर लावणे म्हणजे जंतूंना आमंत्रण होय. ॲस्पिरिन व आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्त साकळून निळसर डाग वाढतात. मात्र हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ते डॉक्टरांना न विचारता बंद करणे त्याहून घातक. सूज उतरविण्यासाठी औषधविक्रेत्याकडून परस्पर स्टेरॉइड घेणे हाही असाच आत्मघातकी उपाय होय.

धोक्याची सूज

खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. प्रत्येक सूज साधी नसते. द्रव्य चुकून रक्तवाहिनीत गेले किंवा त्याने ती दाबली गेली, तर तेथील रक्तपुरवठा तुटतो. ओठ किंवा भोवतालची त्वचा पांढरी पडणे, तिच्यावर जाळीदार निळसर छटा उमटणे, असह्य वेदना होणे, बोटाने दाबून सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत रंग न परतणे, ही त्याची चिन्हे होत. अशा वेळी बर्फ लावणे अपायकारकच, कारण थंडीने रक्तवाहिन्या अधिक आवळतात. येथे हवे असते ते हायलुरोनिडेज हे विरघळविणारे द्रव्य, आणि तेही तासांच्या हिशेबाने. उशीर झाला तर त्वचा मरते. दृष्टीत अंधारी आली तर क्षणाचाही विलंब परवडत नाही. हे द्रव्य दुर्मिळ नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्याभोवती भूल देतानाही ते वापरतात. ते कुपीत असणे आणि रात्री दहा वाजता ते टोचणारा जाणकार हात जवळ असणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जीभ व घसा सुजणे, श्वास अडकणे, अंगावर गांधी उठणे ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे दिसली तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून जवळचे रुग्णालय गाठावे. काही दिवसांनी ओठ गरम होऊन ठणकू लागले, पू वा ताप आला, तर तो जंतुसंसर्ग होय. कधी कधी काही आठवड्यांनी, एखाद्या विषाणुजन्य आजारानंतरही सूज उद्भवते. या प्रत्येक प्रसंगी उपचार करणाऱ्या डॉक्टरला पहिला प्रश्न पडतो तो हा, की आत भरले आहे काय? आणि पुष्कळदा रुग्णाला त्याचे उत्तर ठाऊक नसते.

सुई कोणाच्या हातात?

ओठ भरणे हे केशभूषेसारखे काम नव्हे. तो वैद्यकीय उपचार आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यानुसार नोंदणी नसताना वैद्यक व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुंबईच्या पूनम वर्मा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले, की ज्या उपचारपद्धतीचे ज्ञान नाही ती वापरणारा भोंदूच ठरतो. सौंदर्योपचारांसाठी केवळ कार्यशाळा पाहणे किंवा यूट्यूबवर पाहून शिकणे हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे वैद्यकीय आयोगानेही २०२२ मध्ये बजावले आहे. ओठांत द्रव्य दाबून घुसविणाऱ्या सुईविना यंत्रांविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये इशारा दिला. इतके असूनही स्वस्ताईच्या मोहाने गिऱ्हाईक फसते, कारण कायद्याचे पुस्तक कपाटात असते आणि जाहिरात हातात.

सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. उपचार बेळगावात झाला आणि राहणे गडहिंग्लजला असले, तर दाद मागण्यासाठी परराज्यात खेटे घालावे लागतील, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे शांता खटल्यात १९९५ सालीच ठरले. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. अर्थात त्यासाठी हातात कागद हवा. द्रव्याचे नाव, गटक्रमांक, किती मिलिलिटर टोचले, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि रात्री संपर्क साधण्याचा दूरध्वनी, एवढे ज्या चिठ्ठीवर लिहून मिळत नाही, तेथे ओठ पुढे करू नयेत. असा लेखी तपशील देणे प्रत्येक दवाखान्यावर बंधनकारक करणे शासनाला अवघड जाऊ नये.

परंतु या सगळ्यांहून मोठा शत्रू आहे तो संकोच. घरी न सांगता केलेला हा उपचार बिघडला, म्हणजे मुलगी तोंडावर ओढणी घेऊन दोन दिवस खोलीत बसते. आई रागावेल, वडील बोलतील, वर्गात हसतील, या धास्तीत नेमके ते मोलाचे तास निघून जातात. ज्या समाजाने रंगावरून, नाकावरून, ओठांवरून मुलींना बोल लावले आणि वधूपरीक्षेत त्यांचे चेहरे पारखले, त्यानेच सुईकडे वळलेल्या मुलीची थट्टा करावी, हा दुटप्पीपणा झाला. शिक्षकांनी आणि पालकांनी उपदेश करावयाचा तो सूज उतरल्यावर करावा. आधी तिचे ओठ पांढरे तर पडले नाहीत ना, एवढे प्रकाशात नीट पाहावे आणि तिला डॉक्टरांकडे न्यावे.